रातपाळी, दिवसाची झोप आणि मागं लागलेलं आजारपण : सोलापूरकरांनी नेमकं काय करायचं

सोलापुरात रातपाळी ठाऊक नाही असं घर शोधावं लागेल. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीचे माग रात्रभर खडखडत असतात, सीझन लागला की जिल्ह्यातले साखर कारखाने तीन पाळ्यांत चालतात, कांद्याचे दिवस आले की मार्केट यार्डात हमाल लोक रात्रीच हजर, वर रेल्वेवाले, एसटीवाले, पोलीस, वॉचमन आणि आम्ही हॉस्पिटलची माणसं. मी स्टाफ नर्स आहे, नाइट ड्युटी करते आणि सासरी सगळे मागावरचे, त्यामुळं हा विषय माझ्या घरातलाच आहे. सारखी सर्दी, महिन्या-दोन महिन्यानं ताप, खोकला जाता जात नाही, पोट बिघडलंय असं म्हणत जी माणसं येतात त्यांना मी आधी एकच विचारते, झोप किती होते? उत्तर येतं, "होते की चार-पाच तास." खरी गोष्ट इथंच आहे, कारण चार-पाच तासांत अंगाचं भागत नाही, आणि हे नुसतं म्हणायचं म्हणून नाही, माणसांवर तपासून बघितलेलं आहे.

अमेरिकेत पिट्सबर्गला 2009 साली छापून आलेला एक अभ्यास आहे. 153 धडधाकट माणसं घेतली, दोन आठवडे रोज किती झोपले ते विचारून ठेवलं, मग सगळ्यांच्या नाकात सर्दीच्या व्हायरसचे थेंब टाकले आणि वेगळं ठेवून बघितलं की कोण आजारी पडतं. थेंब सगळ्यांना सारखेच, पण जे सात तासांपेक्षा कमी झोपत होते त्यांना सर्दी व्हायचं प्रमाण आठ तास किंवा जास्त झोपणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट निघालं. 2015 ला परत असाच अभ्यास झाला, यावेळी मनगटावर यंत्र बांधून झोप मोजली, त्यात सहा तासांच्या आत झोपणाऱ्यांना धोका सात तासांच्या वर झोपणाऱ्यांच्या चौपट. म्हणजे व्हायरस तर सगळ्यांच्याच नाकात जातोय, बसमध्ये, कँटीनमध्ये, लग्नात, पण त्यानं माणूस आजारी पडतो का नाही हे बऱ्याच अंशी झोपेवर ठरतंय. नेदरलँड्समध्ये हॉस्पिटलच्या कर्मचाऱ्यांवर केलेल्या अभ्यासात नाइट करणाऱ्यांना फ्लूसारखं आजारपण साधारण 20 टक्के जास्त वेळा आलं. आपल्या शरीरातल्या टी पेशी नावाच्या लढणाऱ्या पेशी असतात, त्या इन्फेक्शन झालेल्या पेशीला चिकटून तिला मारतात, आणि ही चिकटायची ताकद झोपेत वाढते, जागरणात कमी पडते, हे जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी 2019 ला दाखवलंय. म्हणून झोपेला आराम समजू नका, ती अंगाच्या दुरुस्तीची पाळी आहे.

आता करायचं काय. पाळी सोडा असं मी सांगणार नाही, पगार त्याच्यावर आहे. पाळी तीच ठेवून झोप कशी वाचवायची ते बघू.

आधी हिशोब लावा. चोवीस तासांत मिळून सात तास पाहिजेत, एका दमात झालेच पाहिजेत असं नाही. दिवसा शरीर आपोआप लवकर उठवतं, उजेड, गरमी, भाजीवाला, शाळेतून आलेली पोरं, त्यामुळं सलग सात तास दिवसा झोप लागणं अवघडच आहे. तर दोन तुकडे करा. मोठा तुकडा सकाळी, घरी आल्या आल्या, आणि छोटा तुकडा संध्याकाळी कामाला निघायच्या आधी तास-दीड तासाचा. सोलापूरच्या उन्हाळ्यात तर दुसरा पर्यायच नाही, एप्रिल-मे मध्ये पारा 42-43 च्या वर जातो, पत्र्याच्या घरात दुपारी दोन ते पाच म्हणजे भट्टी, तिथं झोप येत नाही नुसता घाम येतो. म्हणून उन्हाळ्यात सातला पाळी सुटली तर साडेआठला अंथरुणात पाहिजे. चहाच्या टपरीवर दहापर्यंत बसून मग घरी आलात की सकाळचे गार तास गेले, आणि राहिलेली झोप उकाड्यात तुटकी तुटकी होते. तुटक झोप पण मोजली होती बरं का त्या 2009 च्या अभ्यासात, अंथरुणात पडून जे जागेच राहात होते त्यांची अवस्था कमी झोपणाऱ्यांपेक्षाही वाईट होती.

चहाचं पण बघा. चहातल्या कॅफिनचा निम्मा भाग साधारण पाच तासांनी पण अंगात असतो. सात-आठला सुटणार असाल तर शेवटचा चहा रात्री दोन-अडीचला, पाच वाजताचा चहा बंद. पहाटे चार-पाचला अंगाचं तापमान सगळ्यात खाली असतं, थंडी वाजते, झापड येते, आणि नेमका तेव्हाच सगळ्यांचा चहा होतो, मला माहिती आहे हे अवघड आहे, पण त्या चहाची किंमत सकाळच्या झोपेतून कापली जाते. त्या वेळेला गरम पाणी घ्या, तोंड धुवा, दोन चकरा मारा. आणि मालकाला किंवा जॉबरला (मागावरच्या मुकादमाला) पटत असेल तर मध्यरात्रीच्या सुट्टीत वीस-पंचवीस मिनिटं पडा. फ्रान्समध्ये फक्त दोन तास झोपू दिलेल्या तरुणांना दुसऱ्या दिवशी अर्ध्या अर्ध्या तासाच्या दोन डुलक्या दिल्या, तर प्रतिकारशक्तीशी संबंधित काही गोष्टी ज्या बिघडल्या होत्या त्या जागेवर आल्या. डुलकी पूर्ण झोपेची भरपाई नाही करत, पण काहीच नसण्यापेक्षा खूप बरी.

सुट्टीच्या दिवशी एक चूक सगळे करतात, एकदम दिवसाच्या माणसासारखं वागायला जातात, रात्रभर झोप, सकाळी बाजार, दुपारी पाहुणे, आणि दुसऱ्या दिवशी परत नाइट. शरीराला कळेना होतं की रात्र कुठली. सुट्टी असली तरी सकाळचे निदान तीन-चार तास नेहमीच्या वेळेलाच झोपा, रात्री उशिरा झोपा, असा एक ठराविक खुंटा धरून ठेवला की आठवडा सावरतो.

आता सोलापूरचा खास प्रश्न, डास. बाहेरच्या लेखात हे वाचायला मिळत नाही आणि आपल्याकडं ह्यानंच माणसं ॲडमिट होतात. डेंग्यूचा एडिस डास दिवसा चावतो. सकाळी उजाडल्यानंतरचे तास आणि संध्याकाळी सूर्य मावळायच्या आधीचे तास, हे त्याचे जोराचे. म्हणजे रातपाळीवाला नेमका ज्या दोन वेळेला झोपतो त्याच दोन वेळा. शिवाय ह्या डासाला बसायला अंधारी गार जागा लागते, खाटेखाली, खुंटीला अडकवलेल्या कपड्यांत, पडद्यामागं, आणि झोप लागावी म्हणून आपण काय करतो तर खोली अंधारी आणि गार करतो. आपल्याकडं मच्छरदाणी रात्री लावायची आणि सकाळी गुंडाळून ठेवायची पद्धत आहे, रातपाळीवाल्याच्या घरात ती दिवसा लावलेली पाहिजे. दिवसा मच्छरदाणीत झोपलेल्या माणसाला घरातले हसतात, हसू देत. खुंटीवरचे कपडे कपाटात जाऊ देत, पूर्ण बाह्यांचा पातळ सुती शर्ट घालून झोपा.

आणि पाणी. आपल्याकडं चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणार म्हणून घरोघर ड्रम, बॅरल, टाक्या, हंडे, सगळं भरून ठेवलेलं. एडिस अशाच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. तुम्ही म्हणाल आम्ही चार दिवसांनी भरतो की परत, मग अळी कुठून? घरातला मागच्या कोपऱ्यातला ड्रम बघा. तो "असू दे अडचणीला" म्हणून ठेवलेला असतो, पूर्ण रिकामा कधीच होत नाही, दर वेळी वरनं चार घागरी घालून काठोकाठ करायचा एवढंच. सगळ्या अळ्या त्यात. अंडी पाण्यात तरंगत नसतात, पाण्याच्या पातळीच्या जरा वर भिंतीला चिकटलेली असतात, काळी बारीक, आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने जगतात, परत पाणी लागलं की फुटतात. म्हणून नुसतं पाणी ओतून उपयोग नाही, आठवड्यातनं एकदा तो ड्रम पूर्ण पालथा करून काथ्यानं आतली कड घासायची, मग भरायचा आणि वर सुती कापड घट्ट बांधायचं. कुलरची टाकी पण ह्याच्यातच आली, उन्हाळ्यात दिवसा झोपायला कुलर लावायचा आणि त्याच्याच टाकीत डास वाढवायचे असं होतंय बऱ्याच घरात.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर बायकांचं बोलते. विडी वळणाऱ्या बायकांना कारखान्याची रातपाळी नसते पण नळाची असते. काही भागात पाणी रात्री एक-दोनला येतं, मग उठायचं, मोटार लावायची, भरायचं, तासाभरानं पडायचं, पाचला परत उठून डबे, मग दिवसभर सुपात मान घालून विड्या. त्या रात्री झोप चार तास सुद्धा होत नाही, आणि ह्याला कुणी जागरण म्हणतच नाही, कारण ते घरकाम. घरात चार मोठी माणसं असतील तर नळाची पण पाळी लावा, ह्या वेळी सासू-सून, पुढच्या वेळी बाप-लेक. ज्यानं पाणी भरलं त्यानं दुसऱ्या दिवशी दुपारी तासभर झोपायचंच, आणि इतरांनी झोपू द्यायचं. हे फार मनापासून सांगते, पुरुष मंडळींनी एकदा रात्री उठून बघा.

खोलीची हवा. बाहेरगावच्या पोरांच्या खोल्यांत एक प्रकार असतो, एकाच अंथरुणावर दिवसपाळीवाला रात्री झोपतो आणि रातपाळीवाला दिवसा, उशी तीच, चादर तीच, खोली कायम बंद. टीबी, फ्लू, कोविड हे हवेतनं पसरणारे आजार, बंद खोलीत ती हवा तिथंच फिरते, आणि खरूज अंथरुणातनं. खाट एक असू दे पण चादर आणि उशीचा अभ्रा प्रत्येकाचा वेगळा ठेवा, आपल्या गावात चादरीला काय तोटा आहे. उजेड अडवायला खिडकी बंद करू नका, खिडकी उघडी ठेवून त्याच्यावर जाड काळं कापड जरा अंतर सोडून टांगा म्हणजे उजेड अडेल आणि हवा फिरेल, किंवा सरळ डोळ्यावर रुमाल बांधा आणि दार-खिडकी दोन्हीकडनं वारा खेळू द्या, जाळी लावलेली असली तर उत्तमच. मागावर पाण्याचा ग्लास पण एकच असतो, स्वतःची बाटली न्या. आणि ज्या मागावर अजून धोट्याच्या (आडवा धागा इकडून तिकडं नेणाऱ्या लाकडी नळ्याच्या) भोकातनं धागा तोंडानं ओढायची सवय आहे ती आजपासून बंद, तोच धोटा पुढच्या पाळीचा माणूस तोंडाला लावतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये 1911 सालीच ह्याच्यावर कायद्यानं बंदी आणली होती, कारण हेच. धागा ओढायला तारेचा आकडा वापरा.

डबा. संध्याकाळी सातला भरलेला भात-आमटीचा डबा रात्री दोनला उघडला तर सात तास झाले, ते पण मागाच्या शेडमधल्या गरमीत. शिजवलेलं अन्न साध्या तापमानाला दोन तास, आणि 32 अंशाच्या वर गरमी असेल तर एकच तास, एवढंच भरवशाचं. भाताचं तर असं की त्यातल्या एका जंतूचं विष परत गरम केलं तरी जात नाही. आपल्याकडं ह्याला उत्तर तयार आहे, कडक भाकरी आणि शेंगा चटणी. दोन्ही कोरडं, पाण्याचा अंश नाही त्यामुळं जंतू वाढत नाहीत, वर एक कांदा, जेवणाच्या वेळी कापायचा, आधी कापून न्यायचा नाही. आमटी पाहिजेच असेल तर वाफ निघेपर्यंत उकळून चांगल्या थर्मासमध्ये. जेवायच्या आधी साबणानं वीस सेकंद हात, तेलकट आणि कापसाचे तंतू लागलेले हात नुसत्या पाण्यानं निघत नाहीत.

लसीचं थोडं. 2002 साली एक छोटा अभ्यास आला, चार-चार तास झोपवलेल्या तरुणांना फ्लूची लस दिली, दहा दिवसांनी त्यांच्या अँटीबॉडी नीट झोपणाऱ्यांच्या निम्म्यापेक्षा कमी होत्या. हिपॅटायटिस बीच्या लसीत पण सहा तासांच्या आत झोपणाऱ्यांना संरक्षण कमी मिळाल्याचं दिसलंय. म्हणून फ्लूची, हिपॅटायटिसची लस, जी आपण ठरवून घेतो ती, दिवसपाळीच्या आठवड्यात घ्या आणि आधी-नंतर दोन-तीन रात्री नीट झोपा. पण कुत्रा चावला तर ह्यातलं काहीही डोक्यात आणायचं नाही. रात्री पाळीला जाताना-येताना गाडीमागं कुत्री लागतात, चावतात, आणि माणूस म्हणतो आधी झोपतो मग संध्याकाळी बघू. नाही. तिथल्या तिथं साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि लगेच सरकारी दवाखाना, रेबीजची लस झोपेसाठी थांबवायची नाही, पुढचे डोस पण ठरल्या तारखेलाच.

दवाखान्याची वेळ हा रातपाळीवाल्याचा मोठा घोळ आहे. सिव्हिलची ओपीडी सकाळी, तेव्हा हा झोपलेला, उठतो तोवर ओपीडी बंद, मग मेडिकलमधनं दोन गोळ्या आणि परत कामावर. असं करत करत खोकला महिनाभर चालतो. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरतंय, झोपेत घामानं अंथरूण भिजतंय, तर पाळी सुटल्यावर तसंच सरळ दवाखान्यात जा, त्या एका दिवशी झोप नंतर. दिवसा झोपणाऱ्याला घामाचं काही वाटत नाही, उकडतंय म्हणून आला असं म्हणतो, पण थंडीच्या दिवसांत पण येत असेल तर लक्ष द्या. टीबीची तपासणी आणि औषध सरकारीत फुकट आहे आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला 1000 रुपये खात्यात येतात. पगारातनं ईएसआयसी (कामगार विमा) कापत असतील तर डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर आजारपणाच्या दिवसांचा 70 टक्के पगार मिळतो, वर्षाला 91 दिवसांपर्यंत, त्याला आधी ठराविक दिवसांची वर्गणी भरलेली लागते. खाडा पडेल म्हणून ताप अंगावर काढू नका, आधी हे विचारून घ्या. फ्लूसारखा ताप असेल तर गोळी न घेता ताप पूर्ण गेल्यावर निदान चोवीस तास घरी, नाहीतर सगळ्या पाळीला आजारी पाडाल.

जॉबर, मुकादम, सुपरवायझर जे कोणी ड्युटी लावतात त्यांच्यासाठी. पाळी फिरवायची असेल तर सकाळ, मग दुपार, मग रात्र अशी पुढं फिरवा, उलटी फिरवली की शरीराला जास्त जड जातं. दोन पाळ्यांच्या मध्ये अकरा तास तरी सोडा, दुपारपाळी करून रात्री बाराला सुटलेल्या माणसाला सकाळी सातला बोलवू नका, घरी जाऊन जेवून त्याची झोप होणार किती? लागोपाठ नाइट शक्य तितक्या कमी, तीनच्या वर गेल्या की झोपेची उधारी साचत जाते. आषाढीला बंदोबस्ताची आणि एसटीची माणसं दिवस दिवस नीट झोपत नाहीत आणि गर्दीत उभी असतात, जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत पण तेच. त्या दिवसांत ड्युटी लावणाऱ्यानं झोपेचे तास आधी कागदावर लिहावेत, मग ड्युटीचे.

शेवटचं एक, डेंग्यूच्या तापाचं, कारण ह्यात रातपाळीवाले फार फसतात. तीन-चार दिवस जोराचा ताप, अंग मोडून येतं, डोळ्यांच्या मागं दुखतं, मग एक दिवस ताप उतरतो आणि माणूस म्हणतो आता बरंय, आज नाइटला जातो, आधीच चार खाडे झालेत. डेंग्यूत खरा धोका ताप उतरताना सुरू होतो, पुढचे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास. पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यातनं किंवा नाकातनं रक्त, काळी शी, एकदम गळाल्यासारखं वाटणं, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं, ह्यातलं एक जरी दिसलं तर रात्र असो दिवस असो लगेच ॲडमिट व्हायचं. तोवर ताप-दुखण्याला फक्त पॅरासिटामॉल घ्यायची. ब्रुफेन किंवा ॲस्पिरिनची गोळी अजिबात घ्यायची नाही, त्यानं रक्तस्राव वाढू शकतो. भरपूर पाणी, ओआरएस, ताप असेपर्यंत दिवसा-रात्री मच्छरदाणीतच म्हणजे डास त्याला चावून घरातल्या बाकीच्यांना देणार नाही. आणि ताप उतरल्यावर निदान दोन दिवस कामावर पाठवायचं नाही, तो कितीही म्हणाला तरी. प्लेटलेट्स परत तपासून डॉक्टर हो म्हणाले की मगच पाळी.